वारा उठला, पाणी खवळलं : पोंटून बोट सांभाळायची कशी?



आपल्या काही गटांनी आता पाण्यावरचा व्यवसाय हाती घेतला आहे. कुणी खाडीत कांदळवन सफारी करतं, कुणी धरणाच्या फुगवट्यावर पर्यटकांना फिरवून आणतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात, हे आपल्यातल्या अनेकींनी ऐकलं असेल. आता वल्ह्याच्या होडीबरोबर पोंटून बोटही गटांच्या विचारात येऊ लागली आहे. सपाट डेक, चारी बाजूंनी कठडा, वर छत आणि बसायला बाकं. म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना चढायला सोपी. म्हणून ती सर्वांना आवडते.

पण ही बोट शांत पाण्यात जितकी गुणी, तितकीच वाऱ्यात हट्टी. तिचा स्वभाव वेगळा आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय सुकाणू हातात घेऊ नये. म्हणून हा पाठ. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी मध्ये थांबवून प्रश्न विचारावेत. बोट चालवणारी ताई, म्हणजे आपली तांडेल, तिला तर हा पाठ तोंडपाठच हवा. पण तिकीट फाडणारीला आणि हिशोब ठेवणारीलाही तो समजला पाहिजे. का, ते शेवटी कळेल.

आधी दोन घटना

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. त्यात लहान मुलंही होती. समुद्र नाही, खाडी नाही, धरणाचं पाणी. रोजचा रस्ता.

त्याच वर्षी १८ जानेवारीला गुजरातमध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं.

या दोन्ही बोटी पोंटून प्रकारच्या होत्या असं नाही. पण वारा, जादा वजन आणि जॅकेट नसणं, ही तीन कारणं कोणत्याही बोटीला लागू आहेत. आपल्याला यातून घाबरायचं नाही, शिकायचं आहे.

पोंटून बोट म्हणजे नेमकं काय?

साध्या होडीला एकच पोट असतं. पोंटून बोटीला खाली दोन (काही बोटींना तीन) बंद नळकांडी असतात. ती ॲल्युमिनियमची, फायबरची किंवा जाड प्लास्टिकची असतात. आत हवा असते. त्यावर सपाट फळ्यांचा डेक ठोकलेला असतो. बैलगाडीचं जू जसं दोन बैलांवर बसतं, तसा डेक दोन नळकांड्यांवर बसतो. म्हणून ती सहसा डावी-उजवीकडे डुलत नाही आणि माणसाला वाटतं, ही तर घराच्या ओसरीसारखी स्थिर आहे.

इथेच फसगत होते. या बोटीची चार वैशिष्ट्यं लक्षात ठेवा.

१. ती पाण्यात फार खोल बसत नाही. त्यामुळे पाण्याची पकड कमी. वारा तिला पाण्यावरच्या पानासारखा ढकलतो.

२. छत, कठडा, पडदे हे सगळं वाऱ्याला शिडासारखं सापडतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी १५ किलोमीटरचा वारा ३० झाला तर बोटीवरचा धक्का चार पट.

३. होडीचं तोंड उंच आणि निमुळतं असतं, लाट आली की ते वर चढतं. पोंटूनचं तोंड सपाट आणि बुटकं. पुढे वजन जास्त झालं तर नळकांड्यांची टोकं लाटेत घुसतात आणि पाणी थेट डेकवर येतं. डेकवर आलेलं पाणी पुढेच साचलं की तोंड आणखी खाली जातं.

४. ती बराच वेळ स्थिर वाटते, पण एका बाजूला सगळी माणसं गेली किंवा आडवी मोठी लाट आली तर एक नळकांडं दबतं आणि दुसरं उचललं जातं. त्यानंतर सावरायला वेळ मिळत नाही.

वजनाचा हिशोब : हा तर आपल्या हातचा विषय

बचत गटाच्या बाईला हिशोब सांगावा लागत नाही. मग बोटीचाही हिशोब करूया.

एक लिटर पाणी बाजूला सारलं की साधारण एक किलो वजन तरंगतं. समजा, आपल्या बोटीचं प्रत्येक नळकांडं ६ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर व्यासाचं आहे. त्रिज्या झाली ०.३ मीटर. ३.१४ × ०.३ × ०.३ × ६ म्हणजे सुमारे १.७ घनमीटर, म्हणजे साधारण १,७०० लिटर. दोन नळकांडी मिळून ३,४०० लिटर. म्हणजे ती पूर्ण बुडेपर्यंत ३,४०० किलो तरंगेल.

पण पूर्ण बुडेपर्यंत भरायचं नसतं! लाटेसाठी शिल्लक ठेवावी लागते, जशी आपण कर्ज वाटताना राखीव निधी ठेवतो. साधा नियम असा की नळकांडी अर्ध्यापेक्षा जास्त बुडू नयेत. म्हणजे १,७०० किलो. त्यात डेक, छत, इंजिन, इंधन, नांगर यांचंच समजा ८०० किलो. उरले ९०० किलो. माणशी ७५ किलो धरलं तर १२ माणसं. पण ९०० च्या काठावर जाऊ नये, म्हणून ११ धरा. त्यात तांडेल आणि मदतनीस दोघी. म्हणजे प्रवासी ९.

डेकवर जागा मात्र वीस जणांना दिसते. जागा दिसते म्हणून माणसं घ्यायची नाहीत. हा हिशोब फक्त समजण्यासाठी आहे. आपल्या बोटीच्या परवान्यावर आणि पाटीवर जो आकडा लिहिला आहे तोच खरा. वारा असेल त्या दिवशी त्याहूनही कमी माणसं घ्या. कडेवरचं मूलही एक माणूस म्हणून मोजा. त्यालाही जॅकेट लागतं.

बसवताना वजन डावी-उजवीकडे सारखं हवं आणि मधल्या भागाकडे, थोडं मागे झुकलेलं हवं. फोटोसाठी सगळे पुढच्या कठड्याशी गोळा होतात, ती सवय मोडायलाच हवी. कठड्याच्या बाहेर, डेकच्या पुढच्या कडेवर पाय सोडून कुणालाही बसू देऊ नका. तिथून माणूस पडला तर तो दोन नळकांड्यांच्या मधून सरळ इंजिनाच्या पंख्याकडे जातो. कठड्याचं फाटक बोट चालू असेपर्यंत बंदच.

निघण्याआधी वाऱ्याला आणि पाण्याला विचारा

वारा मोजायचं यंत्र नसलं तरी डोळे आहेत. ही ओळख पाठ करा.

• पानं सळसळतात, पाण्यावर बारीक सुरकुत्या : वारा हलका. फेरी करायला हरकत नाही.

• पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात, पाण्यावर कुठे कुठे पांढरा फेस दिसतो : ताशी १२ ते १९ किलोमीटर. सावध राहा, किनाऱ्याजवळून फिरा.

• धूळ आणि कागद उडतात, लहान फांद्या हलतात, पांढरा फेस बऱ्याच ठिकाणी दिसतो : ताशी २० ते २८. प्रवासी घेऊन निघू नका.

• लहान झाडं डोलतात किंवा छत्री सांभाळता येत नाही : बोट धक्क्याला दुहेरी बांधा आणि घरी जा.

खाडीकाठच्या बायकांना हे नवं नाही. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून येतो, तो बहुधा शांत. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि तिसऱ्या प्रहरी जोर धरतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळच्या फेऱ्या जास्त लावा, दुपारच्या कमी.

आता पाणी. भरती आणि सुकती यांचं वेळापत्रक रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी, त्या दिवसांत ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ओढ कमी. सगळ्यात त्रासदायक वेळ कोणती? सुकतीचं पाणी समुद्राकडे जोरात निघालंय आणि समोरून खारा वारा येतोय, ही. वारा एकीकडून, पाणी दुसरीकडून, अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात. पोंटूनच्या बुटक्या तोंडाला हीच लाट सोसत नाही. खाडीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर, ही बोट न्यायचीच नाही. ती आतल्या पाण्याची बोट आहे.

धरणाच्या पाण्यावर भरती नाही, पण मोकळं पाणी लांबलचक असतं. वारा जितक्या लांबून पाण्यावरून येईल, तितकी लाट वाढत जाते. अलीकडच्या काठाला पाणी शांत दिसतं, कारण वारा आपल्या पाठीकडून येतोय. पलीकडच्या काठाला तेच पाणी खवळलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस आणि परतीच्या पावसाचे दिवस, या दोन वेळी दुपारनंतर विशेष सांभाळा. काळा ढग चढताना अचानक गार वाऱ्याची झुळूक आली, तर त्यामागून वादळी झोत येतोय असं समजा. तेव्हा तुमच्या हातात मोजकी मिनिटं असतात. ती विचार करण्यात घालवू नका, जवळचा काठ गाठा.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. त्याला तीनने भागा, तितके किलोमीटर वीज लांब आहे. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर पाण्यावर राहू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

रोज सकाळी हवामान खात्याचा अंदाज पाहा. पिवळा, नारंगी किंवा लाल इशारा असेल तर तो फळ्यावर लिहा. विजेसाठी ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आहे. समुद्रालगत असाल तर हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचा उंच लाटांचा इशाराही पाहा.

निघण्याआधीची दहा मिनिटं

मदतनीस वाचेल, तांडेल हात लावून बघेल, अशी पद्धत ठेवा.

१. बोट पाण्यात समतल आहे का? एक बाजू खाली बसली असेल तर त्या नळकांड्यात पाणी शिरलंय. बूच उघडून पाणी काढा, गळती सापडेपर्यंत फेरी नाही.

२. इंधन जाण्यासाठी एक तृतीयांश, येण्यासाठी एक तृतीयांश, अडचणीसाठी एक तृतीयांश. वाऱ्याविरुद्ध येताना इंधन जास्त जातं.

३. नांगर पुढे, दोर गुंता नसलेला. दोराचं टोक बोटीला बांधलेलं आहे ना, तेही बघा.

४. इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी तांडेलच्या मनगटाला. ती पडली तर इंजिन आपोआप थांबलं पाहिजे.

५. दोराला बांधलेली तरंगती रिंग हाताशी. दोन वल्ही किंवा लांब बांबू. शिटी. बादली. अग्निशामक. विजेरी. प्लास्टिक पिशवीत मोबाइल.

६. प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट, आणि ते धक्क्यावरच घालायचं. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट बुडताना सापडत नाही. सगळे पट्टे आवळा. दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून बघा, हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे.

७. आपल्यासाठी : पदर खोचून त्यावर जॅकेट घाला. लोंबता पदर किंवा ओढणी इंजिनात, दोरात अडकते. तांडेल आणि मदतनीस यांनी सलवार-कुर्ता किंवा गणवेशाची पँट घातली तर उत्तम.

८. किती जण निघाले आणि किती वाजता परतणार, हे धक्क्यावरच्या वहीत लिहा. ठरल्या वेळेनंतर वीस मिनिटांत बोट आली नाही तर धक्क्यावरची ताई फोन लावेल.

पाण्यावर असताना वारा आला तर

तोंडात एकच वाक्य ठेवा : वेग कमी, वजन मागे, तोंड लाटेकडे.

*पहिलं काम, माणसं.* ‘सगळ्यांनी खाली बसा, मधल्या बाकांवर या, उभं राहू नका,’ असं शांत आणि ठाम आवाजात सांगा. पुढे बसलेल्यांना एकेक करून मागे बोलवा. सगळे एकदम उठले तर बोट कलते.

*दुसरं काम, छत.* घडीचं छत असेल तर मदतनीसाने ते खाली घेऊन बांधावं. बाजूचे पडदे गुंडाळावेत. शीड उतरवलं की वाऱ्याचा निम्मा हट्ट जातो.

*तिसरं काम, दिशा.* लाट आडवी अंगावर घेऊ नका. अगदी नाकासमोरही घेऊ नका, कारण दोन्ही नळकांड्यांची टोकं एकाच वेळी लाटेत घुसतात. थोडं तिरकं जा, समोरच्या रेषेपासून सुमारे ३० ते ४५ अंश. घड्याळात लाट १२ वाजता येतेय असं धरलं तर बोटीचं तोंड ११ किंवा १ कडे. बोट एका बाजूने उचलली जाऊन डुलायला लागली तर कोन कमी करा. जायचं ठिकाण आडव्या दिशेला असेल तर थोडं डावीकडे, मग थोडं उजवीकडे, असं नागमोडी जा. वेळ लागू दे.

*चौथं काम, वेग.* फार जोरात गेलात तर बोट लाटेवर आपटते. फार हळू गेलात तर सुकाणूला बोट ऐकत नाही आणि वारा तिला आडवी करतो. सुकाणू धरून ठेवता येईल आणि तोंड थोडं वर राहील इतका वेग ठेवा. इंजिन थोडं वर उचलता येत असेल तर थोडंच उचला, त्याने तोंड वर राहतं. जास्त उचललं तर पंखा हवा ओढतो आणि नुसता घरघरतो. समोर मोठी लाट दिसली म्हणून इंजिन एकदम बंद करू नका. एकदम वेग तोडला की तोंड खाली बसतं, नेमकं लाटेच्या वेळी. वेग हळूहळू कमी करायचा.

*लाट मागून येत असेल तर?* हे बायकांना सोपं वाटतं, कारण बोट आपोआप पुढे जाते. पण धोका इथेच जास्त. लाटेवरून घसरत पुढच्या लाटेच्या पाठीत तोंड खुपसलं जातं. म्हणून वेग लाटेच्या वेगाएवढा ठेवा, लाटेच्या माथ्यावरून खाली उडी मारू नका. माणसांना आणखी थोडं मागे घ्या. मात्र सगळं वजन अगदी मागच्या कडेला नको, नाहीतर मागची लाट डेकवर चढते.

*वळायचं असेल तर* घाई करू नका. लाटा कळपाने येतात. चार-पाच मोठ्या आल्या की थोडा वेळ पाणी मंदावतं. तो क्षण गाठून एका दमात, पण मोठा गोल घेऊन वळा. अर्ध्यात थांबलात तर बोट आडवी सापडेल.

*वाऱ्याने ढकललं जातंय हे कसं ओळखायचं?* किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा. पुढे धक्क्याचा खांब, त्यामागे नारळाचं झाड. दोन्ही एकामागे एक दिसत राहिले तर आपण सरळ चाललोय. झाड डावीकडे सरकायला लागलं तर आपण डावीकडे ढकलले जातोय. तोंड थोडं वाऱ्याकडे फिरवा.

आणि परत जाणं जमत नसेल तर? धक्क्याचाच हट्ट नको. जवळचा जुवा, कांदळवनाचा आडोसा, मऊ चिखलाचा काठ, जिथे वाऱ्याला आडोसा मिळेल तिथे जा. प्रवाशांचे पाय चिखलाने भरतील. भरू देत.

इंजिन बंद पडलं तर

सर्वात आधी नांगर. इंजिन उघडून बघत बसलात तर तेवढ्यात वारा बोटीला खडकावर नेतो. नांगर नेहमी पुढच्या बाजूने टाका. मागून टाकला तर इंजिनाच्या बाजूने लाट डेकवर येते आणि बोट बुडते. नांगर फेकू नका, हळू सोडा. दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट हवा. तीन मीटर खोलीला २० मीटर दोर. आखूड दोराने नांगर चिखलात रुतत नाही, नुसता ओढला जातो.

मग फोन. ११२ हा सर्वत्र चालणारा आपत्कालीन क्रमांक. समुद्रात किंवा खाडीच्या मुखाशी असाल तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. फोनवर आधी ठिकाण सांगा, मग किती माणसं, मग काय झालं.

माणूस पाण्यात पडला तर

‘माणूस पडला!’ असं ओरडा. मदतनीसाने फक्त त्या माणसाकडे बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही. लाटांत डोकं दोन क्षणांत दिसेनासं होतं. रिंग फेका. तांडेलने बोट गोल फिरवून वाऱ्याच्या समोरून, म्हणजे बोटीच्या तोंडावर वारा घेत, हळू त्या माणसाकडे यावं. वाऱ्याच्या बाजूने आलात तर वारा बोट त्याच्या अंगावर ढकलेल. जवळ आलात की इंजिन बंद. नुसतं मंद नाही, बंद. मगच त्याला दोराने जवळ ओढून शिडीवर घ्या. वाचवायला दुसरीने उडी मारू नये.

धक्क्याला लावताना

बोटीचं नुकसान आणि हातापायाला दुखापत बहुतेक इथेच होते. आधी बघा, वारा धक्क्याकडे ढकलतोय की धक्क्यापासून दूर. धक्क्याकडे ढकलत असेल तर बोट धक्क्याला समांतर, एक बोट-रुंदी अंतरावर थांबवा. वारा आपोआप आणून लावेल. दूर ढकलत असेल तर तिरकं या, पुढचा दोर आधी अडकवा, मग मागची बाजू ओढून घ्या. पाण्याची ओढ आणि वारा यांत जे जास्त जोराचं असेल त्याच्या समोरून यायचं. धक्क्याला आणि बोटीला जुने टायर बांधून ठेवा. हाताने किंवा पायाने बोट अडवू नका. बोट चेपली तर ठोकून सरळ होते, बोटं चेपली तर नाही.

नाही म्हणायचं कुणी?

आता मूळ मुद्दा. हे सगळं माहीत असूनही अपघात का होतात? कारण पाण्यावर जाऊ नये हे कळतं, पण धक्क्यावर नाही म्हणवत नाही. संवाद असा होतो :

‘ओ ताई, आम्ही एवढ्या लांबून आलोय. पोरं रडतायत. दहा मिनिटं फिरवून आणा की.’

‘दादा, वारा बघा कसा सुटलाय. उद्या सकाळी सातला या, पहिली फेरी तुमची. पैसे हवे तर आत्ता परत देते.’

‘थोडे जास्त घ्या.’

‘जास्त पैशाने वारा थांबत नाही हो दादा.’

हे उत्तर तांडेल ताईला देता यावं यासाठी गटाने तिच्या पाठीशी उभं राहायला हवं. कर्जाचा हप्ता डोक्यावर आहे, आज एकही फेरी झाली नाही, आणि तिची मजुरी फेरीवर ठरलेली आहे, मग ती नाही म्हणेल कशी? म्हणून हे तीन ठराव बैठकीत घ्या आणि इतिवृत्तात लिहा.

ठराव १ : फेरी रद्द करण्याचा शेवटचा शब्द तांडेलचा. अध्यक्ष, सचिव, सरपंच किंवा पाहुणे कुणीही आग्रह करणार नाही. तिने रद्द केलेल्या फेरीबद्दल तिला कुणी बोलणार नाही.

ठराव २ : हवामानामुळे फेरी रद्द झाली तरी तांडेल आणि मदतनीस यांना त्या दिवसाची ठरलेली मजुरी मिळेल.

ठराव ३ : प्रत्येक तिकिटातले ५ रुपये ‘वारा निधी’त. ९ प्रवासी, रोज २ फेऱ्या, महिन्याला २० दिवस धरले तर महिन्याचे १,८०० रुपये होतात. वाऱ्याच्या दिवसांची मजुरी आणि तिकीट परतावा यातून भागतो, हप्त्याला धक्का लागत नाही.

याशिवाय बोटीची नोंदणी, तपासणी, विमा आणि चालवणारीचा परवाना हे पूर्ण असल्याशिवाय पहिलं तिकीटही फाडू नका. अंतर्गत जलवाहतुकीसाठी २०२१ चा केंद्रीय कायदा आहे. खाडीसाठी आपल्या भागातल्या बंदर निरीक्षकांना भेटा, धरणासाठी पाटबंधारे खात्याची परवानगी लागते का ते आधी विचारा. पावसाळ्यातल्या बंदीच्या तारखाही तिथूनच लेखी घ्या.

बैठकीत करायचं काम

१. आपल्या बोटीच्या नळकांड्यांची लांबी आणि व्यास मोजा, वरचा हिशोब स्वतः करून बघा. पाटीवरच्या आकड्याशी ताडा.

२. आपल्या पाण्याचा नकाशा कार्डशीटवर काढा. आडोशाच्या जागा हिरव्या, खडक आणि ओढीच्या जागा लाल.

३. महिन्यातून एकदा, प्रवासी नसताना, शांत पाण्यात सराव करा : नांगर टाकणं, रिकामी कळशी पाण्यात टाकून ती ‘माणूस’ समजून उचलणं, धक्क्याला लावणं. प्रत्येकीची पाळी आली पाहिजे.

४. चर्चा करा : मागच्या तीन महिन्यांत कोणत्या दिवशी निघायला नको होतं असं वाटलं? तेव्हा कोण काय म्हणालं?

५. तिन्ही ठराव वाचून दाखवा आणि सह्या-अंगठे घ्या. प्रत धक्क्यावरच्या फळ्यावर, तिकीट खिडकीशेजारी, प्रवाशांना दिसेल अशी लावा.